थिओडोर बिलरोथ

क्रिस्टियान आल्बर्ट थिओडोर बिलरोथ (२६ एप्रिल १८२९ – ६ फेब्रुवारी १८९४) हे जर्मनीत जन्मलेले आणि ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे कार्यरत असलेले विख्यात शल्यचिकित्सक होते. पोटातील अवयवांवरील आधुनिक शस्त्रक्रियेचे जनक म्हणून ते ओळखले जातात. २९ जानेवारी १८८१ रोजी त्यांनी जठराच्या कर्करोगाने ग्रस्त झालेल्या एका स्त्रीच्या जठराचा रोगग्रस्त भाग काढून टाकला आणि ती स्त्री त्या शस्त्रक्रियेतून बरी होऊन घरी गेली. जठराच्या कर्करोगावरील ही पहिली यशस्वी शस्त्रक्रिया मानली जाते. संशोधक, अध्यापक, परिचर्या-शिक्षणाचे पुरस्कर्ते आणि संगीताचे मर्मज्ञ अशीही त्यांची ओळख आहे. शस्त्रक्रियांचे यश आणि अपयश दोन्ही आकडेवारीसह प्रसिद्ध करण्याचा त्यांनी धरलेला आग्रह हा त्यांच्या कार्याचा सर्वांत टिकाऊ भाग ठरला. जठराच्या कर्करोगात शस्त्रक्रियेपूर्वी केमोथेरपी देण्याची आजची पद्धत अशाच काटेकोर हिशेबातून सिद्ध झाली आहे.

जन्म आणि बालपण

बिलरोथ यांचा जन्म तत्कालीन प्रशिया राज्यातील, बाल्टिक समुद्रातील र्‍युगेन बेटावरच्या बेर्गेन या गावी झाला. वडील प्रोटेस्टंट पंथाचे धर्मोपदेशक होते. पाच भावंडांत थिओडोर सर्वांत थोरले. ते पाच वर्षांचे असताना वडील क्षयरोगाने वारले आणि आई मुलांना घेऊन ग्राइफ्सवाल्ड येथे राहावयास गेली. पुढे १८५१ साली आईचाही क्षयानेच मृत्यू झाला.

शाळेत बिलरोथ यांची गणना हुशार विद्यार्थ्यांत होत नसे. भाषा आणि गणित हे विषय त्यांना जड जात. त्यांचे सारे लक्ष पियानोकडे असे आणि संगीतकार होण्याची त्यांची इच्छा होती. तथापि पित्याविना वाढणाऱ्या कुटुंबातील थोरल्या मुलाने चरितार्थाचा खात्रीचा मार्ग धरावा, असे आईला वाटे. नात्यातील एक प्राध्यापक आणि ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठातील शल्यचिकित्सक विल्हेल्म बाउम यांनीही तसाच सल्ला दिला. अखेर बिलरोथ वैद्यकाकडे वळले. संगीताची साथ मात्र त्यांनी आयुष्यभर सोडली नाही.

शिक्षण

१८४८ साली त्यांनी ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठात प्रवेश घेतला. पुढच्याच वर्षी बाउम यांची ग्योटिंगेन येथे नेमणूक झाली, तेव्हा बिलरोथही त्यांच्यामागोमाग तेथे गेले. तेथे शरीरक्रियाशास्त्रज्ञ रुडॉल्फ वाग्नर यांच्या सहवासात त्यांना सूक्ष्मदर्शकाची गोडी लागली. विजेचा धक्का देणाऱ्या माशांच्या अभ्यासासाठी ते वाग्नर यांच्यासमवेत ट्रिएस्ट बंदरापर्यंत जाऊन आले. उरलेले शिक्षण त्यांनी बर्लिनमध्ये पूर्ण केले आणि १८५२ साली वैद्यकातील डॉक्टर ही पदवी मिळविली.

पदवीनंतर त्यांनी बर्लिनमध्ये स्वतःचा दवाखाना थाटला. दोन महिने लोटले तरी एकही रुग्ण आला नाही. याच सुमारास नामांकित शल्यचिकित्सक बर्न्हार्ड फॉन लांगेनबेक यांच्या रुग्णालयात साहाय्यकाची जागा रिकामी झाली आणि १८५३ साली बिलरोथ तेथे रुजू झाले. ही नेमणूक त्यांच्या आयुष्याला वळण देणारी ठरली.

बर्लिनमधील कार्य

लांगेनबेक यांच्याकडे बिलरोथ सुमारे सात वर्षे होते. शस्त्रक्रियेत काढलेली गाठ टाकून न देता तिचे पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे, हा त्यांचा नित्यक्रम होता. रोगाचे मूळ स्वरूप कळल्याखेरीज शस्त्र हाती धरणे व्यर्थ आहे, अशी त्यांची धारणा येथेच पक्की झाली. १८५६ साली बर्लिन विद्यापीठातील विकृतिशास्त्राच्या अध्यासनासाठी त्यांचे नाव विचारात होते. ते अध्यासन रुडॉल्फ फिर्खो यांना मिळाले आणि बिलरोथ शल्यशास्त्रातच राहिले. १८५८ साली क्रिस्टल मिखाएलिस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८६० साली लांगेनबेक आणि एर्न्स्ट गुर्ल्ट यांच्यासमवेत त्यांनी शल्यचिकित्सेला वाहिलेले एक नियतकालिक सुरू केले. ते पुढे या विषयातील अग्रगण्य नियतकालिक ठरले.

झुरिकमधील कार्य

१८६० साली, वयाच्या अवघ्या ३१व्या वर्षी, बिलरोथ स्वित्झर्लंडमधील झुरिक विद्यापीठात शल्यशास्त्राचे प्राध्यापक आणि तेथील शल्यरुग्णालयाचे संचालक झाले. त्या काळी शस्त्रक्रिया नीट पार पडली, तरी नंतर जखम चिघळून रुग्ण दगावत असत. जखमेनंतर येणाऱ्या तापाचे कारण शोधण्यासाठी बिलरोथ यांनी रुग्णांचे तापमान नियमितपणे मोजून त्याची नोंद ठेवण्याची पद्धत सुरू केली. आज प्रत्येक रुग्णालयात दिसणारा तापमानाचा तक्ता शल्यविभागात रुजविण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

१८६३ साली त्यांचा शल्यविकृतिशास्त्र आणि उपचार या विषयावरील ५० व्याख्यानांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या, अनेक भाषांत अनुवाद झाले आणि बिलरोथ यांचे नाव युरोपभर पोहोचले.

झुरिकमधील दुसरे कार्य याहून धाडसाचे होते. १८६० ते १८६७ या काळात आपल्या रुग्णालयात केलेल्या शस्त्रक्रियांचा संपूर्ण लेखाजोखा त्यांनी १८६९ साली प्रसिद्ध केला. त्यात किती रुग्ण बरे झाले याबरोबरच किती दगावले आणि घरी गेलेल्यांचे पुढे काय झाले, हेही नोंदविले होते. शल्यचिकित्सक केवळ यशस्वी शस्त्रक्रियांची वर्णने छापत, त्या काळात हा प्रकार अपूर्व होता. रुग्ण रुग्णालयातून चालत बाहेर पडला म्हणजे उपचार सफल झाला, असे बिलरोथ मानत नसत. विशेषतः कर्करोगाच्या बाबतीत, रुग्ण पुढे किती काळ जगला हीच उपचाराची खरी कसोटी, हे त्यांनी आग्रहाने मांडले.

व्हिएन्ना येथील कार्य

१८६७ साली बिलरोथ यांची व्हिएन्ना विद्यापीठात प्राध्यापक आणि तेथील सार्वजनिक रुग्णालयाच्या दुसऱ्या शल्यविभागाचे प्रमुख म्हणून नेमणूक झाली. आयुष्याची उरलेली २७ वर्षे त्यांनी तेथेच काम केले. १८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा ते स्वेच्छेने वायसेनबुर्ग आणि मानहाइम येथील युद्धरुग्णालयांत गेले. जखमी सैनिकांची वाहतूक आणि शुश्रूषा यांविषयीचे तेथील अनुभव त्यांनी पुढे लिहून प्रसिद्ध केले.

३१ डिसेंबर १८७३ रोजी त्यांनी कर्करोगाने ग्रस्त झालेले संपूर्ण स्वरयंत्र काढण्याची शस्त्रक्रिया केली. या प्रकारची ही पहिली यशस्वी शस्त्रक्रिया समजली जाते. रुग्णाला पुन्हा बोलता यावे म्हणून बिलरोथ यांचे साहाय्यक कार्ल गुसेनबाउअर यांनी कृत्रिम स्वरयंत्र तयार केले. रोग मात्र उलटला आणि वर्षाच्या आत रुग्णाचा मृत्यू झाला.

१८७४ साली जखमांतील सूक्ष्मजीवांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. जखमेत आढळणारे निरनिराळे जंतू ही एकाच वनस्पतीची रूपे असावीत, असा त्यात काढलेला निष्कर्ष पुढे चुकीचा ठरला. माळेसारख्या जंतूंना त्यांनी दिलेले स्ट्रेप्टोकोकस हे नाव मात्र आजही रूढ आहे. जोसेफ लिस्टर यांच्या जंतुरोधक पद्धतीविषयीही ते प्रारंभी साशंक होते. परंतु परिणाम पाहिल्यावर त्यांनी ती आपल्या विभागात स्वीकारली. पोटाच्या शस्त्रक्रिया त्यामुळेच शक्य झाल्या.

जठराच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया

पूर्वतयारी

जठराचा कर्करोग पुष्कळदा जठराच्या आतड्याकडील टोकाशी, म्हणजे जठरनिर्गमाशी, होतो. गाठ वाढून वाट बंद झाली की अन्न पुढे सरकत नाही, प्रत्येक घास उलटून पडतो आणि रुग्ण उपासमारीने खंगत जातो. एकोणिसाव्या शतकात अशा रुग्णासाठी वैद्यांजवळ कोणताही उपाय नव्हता. पोट उघडून जठर कापावे आणि पुन्हा शिवावे, ही कल्पना बहुतेकांना अविचाराची वाटे. शिवलेले जठर स्वतःच्याच पाचकरसाने विरघळेल, टाके सुटतील आणि आतील द्रव पोटात पसरून रुग्ण मरेल, अशी भीती होती.

बिलरोथ यांनी या भीतीचे एकेक कारण तपासून पाहिले. १८७१ च्या सुमारास त्यांनी कुत्र्यांच्या अन्ननलिकेचा भाग काढून ती पुन्हा जोडण्याचे प्रयोग केले. त्यांच्या प्रेरणेने गुसेनबाउअर आणि आलेक्झांडर फॉन विनिवार्टर यांनी कुत्र्यांच्या जठरावर तशाच शस्त्रक्रिया केल्या आणि जठराची जखम भरून येते, हे १८७६ साली दाखवून दिले. त्याच दोघांनी व्हिएन्नातील शवविच्छेदनांच्या जुन्या नोंदी चाळल्या. जठरनिर्गमाच्या कर्करोगाने मेलेल्या अनेक रुग्णांत रोग अन्य अवयवांत पसरलेला नव्हता, असे त्यांत आढळले. वेळीच गाठ काढता आली असती तर त्यांना वाचविण्याची शक्यता होती, असा याचा अर्थ होता. १८७७ साली खुद्द बिलरोथ यांनी एका रुग्णाच्या जठराला पडलेले, पोटाच्या त्वचेपर्यंत आलेले छिद्र शिवून बंद केले आणि ते भरूनही आले. मनुष्याचे जठर शिवता येते, याचा हा पुरावा होता.

दरम्यान दोघांनी प्रत्यक्ष प्रयत्न केले होते. पॅरिसमध्ये ज्यूल पेआँ यांनी १८७९ साली आणि पोलिश शल्यचिकित्सक लुडविक रिडिगिएर यांनी नोव्हेंबर १८८० मध्ये कर्करोगग्रस्त जठरनिर्गम काढला. दोन्ही रुग्ण थोड्याच काळात दगावले.

२९ जानेवारी १८८१

बिलरोथ यांच्याकडे आलेली स्त्री ४३ वर्षांची आणि आठ मुलांची आई होती. काही महिन्यांपासून तिला सतत उलट्या होत होत्या. आंबट दुधाखेरीज काहीही पोटात ठरत नव्हते. ती अतिशय अशक्त झाली होती आणि पोटावर हात ठेवताच गाठ लागत होती. शस्त्रक्रियेचा धोका स्पष्ट होता आणि शस्त्रक्रियेवाचून मरण अटळ होते. शस्त्रक्रियेपूर्वी तिचे जठर नळीने धुऊन स्वच्छ करण्यात आले आणि क्लोरोफॉर्मने तिला बेशुद्ध करण्यात आले.

सुमारे दीड तास शस्त्रक्रिया चालली. बिलरोथ यांनी गाठीसह जठराचा खालचा भाग काढला, उरलेल्या जठराचे रुंद तोंड काही अंशी शिवून लहान केले आणि ते लहान आतड्याच्या पहिल्या भागाला, म्हणजे ग्रहणीला, जोडले. त्यासाठी कार्बॉलिक आम्लात भिजविलेल्या रेशमी धाग्याचे सुमारे ५० टाके घातले. आन्टोन व्होल्फ्लर हे त्यांचे प्रमुख साहाय्यक होते.

स्त्रीची प्रकृती सुधारत गेली. उलट्या थांबल्या आणि ती पुन्हा अन्न घेऊ लागली. सहा दिवसांनी, ४ फेब्रुवारी रोजी, बिलरोथ यांनी व्हिएन्नातील एका वैद्यकीय साप्ताहिकाच्या संपादकांना पत्र लिहून ही हकीकत जाहीर केली. काही आठवड्यांनी ती स्त्री घरी गेली.

परिणाम आणि मर्यादा

हा आनंद अल्पकाळ टिकला. शस्त्रक्रियेच्या वेळीच रोगाचे अंश जठराबाहेर गेलेले होते. ते वाढत गेले आणि २४ मे १८८१ रोजी, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर सुमारे चार महिन्यांनी, त्या स्त्रीचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात टाके पूर्ण भरून आलेले दिसले. शस्त्रक्रियेचे काम चोख झाले होते, परंतु कर्करोग शस्त्राच्या आवाक्याबाहेर गेला होता. तिच्या जठराचा नमुना व्हिएन्नातील योसेफिनुम या वैद्यकीय संग्रहालयात जतन केलेला आहे. बिलरोथ यांनी त्यानंतर त्याच पद्धतीने शस्त्रक्रिया केलेले पुढचे दोन रुग्ण लवकरच दगावले. व्होल्फ्लर यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत या सर्व रुग्णांची माहिती दिली.

१८८५ साली बिलरोथ यांनी दुसरी पद्धत वापरली. तीत ग्रहणीचे तोंड शिवून बंद करतात आणि उरलेले जठर लहान आतड्याच्या पुढील भागाला जोडतात. या दोन पद्धती अनुक्रमे बिलरोथ-१ आणि बिलरोथ-२ या नावांनी ओळखल्या जातात. पुढे अनेक दशके जठरव्रणावरही त्यांचा सर्रास वापर झाला. प्रभावी औषधे आली आणि जठरव्रणामागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असल्याचे कळले, तेव्हा तो वापर कमी झाला.

अध्यापन आणि परिचर्या-शिक्षण

बिलरोथ यांच्या हाताखाली तयार झालेल्या शल्यचिकित्सकांनी मध्य युरोपातील अनेक विद्यापीठांची अध्यासने भूषविली. गुसेनबाउअर, विनिवार्टर आणि व्होल्फ्लर यांच्याखेरीज विन्सेन्झ चेर्नी, यान मिकुलिच, व्हिक्टर फॉन हाकर आणि आन्टोन फॉन आइझेल्सबेर्ग ही त्यांतील काही नावे होत. साहाय्यकांना दीर्घकाळ जवळ ठेवून टप्प्याटप्प्याने जबाबदारी सोपविण्याची त्यांची रीत होती. अमेरिकेतील विल्यम हॉलस्टेड व्हिएन्ना येथे ही पद्धत पाहून गेले आणि तिच्या धर्तीवरच त्यांनी पुढे आपल्या देशात शल्यप्रशिक्षणाची घडी बसविली.

शस्त्रक्रियेचे यश शुश्रूषेवर अवलंबून असते, हे युद्धरुग्णालयांत बिलरोथ यांनी पाहिले होते. त्यामुळे घरी आणि रुग्णालयात करावयाच्या शुश्रूषेवर त्यांनी १८८१ साली सुबोध पुस्तक लिहिले. १८८२ साली व्हिएन्नात त्यांच्या पुढाकाराने रुडॉल्फिनरहाउस हे रुग्णालय आणि परिचारिका-विद्यालय सुरू झाले. कोणत्याही धर्मसंघाशी बांधील नसलेल्या परिचारिकांचे शिक्षण हे त्याचे वैशिष्ट्य होते. याच सुमारास बर्लिनमध्ये लांगेनबेक यांच्या जागी येण्याचे निमंत्रण त्यांना मिळाले, परंतु ते न स्वीकारता ते व्हिएन्नातच राहिले.

वादग्रस्त लेखन

१८७६ साली प्रसिद्ध झालेल्या वैद्यकीय शिक्षणावरील ग्रंथात बिलरोथ यांनी हंगेरी आणि गॅलिशिया या प्रांतांतून व्हिएन्नात येणाऱ्या गरीब ज्यू विद्यार्थ्यांविषयी अनुदार मते मांडली. ज्यू आणि जर्मन यांच्यात मुळातच अंतर आहे, अशा आशयाचे विधानही त्यात होते. या मजकुरामुळे विद्यापीठात मोठी खळबळ माजली आणि ज्यूद्वेष्ट्या विद्यार्थ्यांना एका मान्यवर प्राध्यापकाचा आधार मिळाला. पुढे बिलरोथ यांची भूमिका बदलली. १८९१ साली ज्यूद्वेषाच्या प्रतिकारासाठी व्हिएन्नात स्थापन झालेल्या संघटनेत ते सामील झाले. तथापि ग्रंथातील लेखनाने झालेली हानी त्यामुळे भरून निघाली नाही, असे इतिहासकारांचे मत आहे.

संगीत

झुरिकमध्ये असताना बिलरोथ वृत्तपत्रासाठी संगीतविषयक परीक्षणे लिहीत. पियानोबरोबरच, मित्रांच्या वाद्यचौकडीत वाजविता यावे म्हणून ते व्हायोला शिकले. तेथेच संगीतकार योहानेस ब्राम्स यांच्याशी त्यांचा परिचय झाला आणि व्हिएन्नात त्याचे घनिष्ठ मैत्रीत रूपांतर झाले. ब्राम्स यांच्या कित्येक नव्या रचना प्रथम बिलरोथ यांच्या घरच्या मैफलीत वाजविल्या गेल्या. १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या दोन वाद्यचौकडी ब्राम्स यांनी त्यांना अर्पण केल्या. उत्तरायुष्यात दोघांत काहीसा दुरावा आला. संगीताची जाण कशात असते, याचा शरीरशास्त्र आणि मानसशास्त्र यांच्या आधारे शोध घेणारा बिलरोथ यांचा ग्रंथ अपुरा राहिला. त्यांच्या मृत्यूनंतर समीक्षक एडुआर्ट हान्सलिक यांनी तो संपादित करून प्रसिद्ध केला.

अखेरची वर्षे

१८८७ साली बिलरोथ यांना तीव्र न्यूमोनिया झाला. त्यातून ते बरे झाले, पण हृदय कायमचे दुर्बल झाले. त्याच वर्षी ऑस्ट्रियाच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर त्यांची नियुक्ती झाली. १८८८ पासून ते व्हिएन्नातील वैद्यकसंस्थेचे अध्यक्ष होते. संस्थेची नवी वास्तू त्यांच्या कारकिर्दीत १८९३ साली उभी राहिली आणि ती आज बिलरोथ यांच्याच नावाने ओळखली जाते. ६ फेब्रुवारी १८९४ रोजी एड्रियाटिक समुद्रकाठच्या आबात्सिया (आताचे क्रोएशियातील ओपातिया) येथे त्यांचे निधन झाले. व्हिएन्नाच्या मध्यवर्ती दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

बिलरोथ यांच्यानंतरची उपचारपद्धती

१८९७ साली झुरिक येथे कार्ल श्लाटर यांनी संपूर्ण जठर काढण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली. पुढील काळात, विशेषतः जपानमध्ये, जठराबरोबरच भोवतालच्या लसीका ग्रंथी पद्धतशीरपणे काढण्याचे तंत्र विकसित झाले. शस्त्रक्रिया उत्तरोत्तर सुरक्षित होत गेली. तरीही १८८१ साली बिलरोथ यांच्या रुग्णाच्या बाबतीत जे घडले, ते असंख्य रुग्णांच्या बाबतीत घडतच राहिले. गाठ पूर्ण निघे, जखम भरे आणि काही महिन्यांनी वा वर्षांनी रोग अन्यत्र डोके वर काढी. डोळ्यांना न दिसणाऱ्या कर्करोगपेशी आधीच रक्तातून आणि लसीकामार्गाने पसरलेल्या असत.

या पेशींपर्यंत पोहोचण्यासाठी शस्त्रक्रियेपूर्वीच केमोथेरपी देण्याचा विचार पुढे आला. तिचे अनेक हेतू आहेत. शरीरात विखुरलेल्या पेशींवर लवकर उपचार सुरू होतात. गाठ आक्रसल्यास ती पूर्णपणे काढणे सोपे जाते. जठर काढल्यानंतर रुग्णाचे खाणे आणि वजन घटते, त्यामुळे तीव्र औषधे त्याला आधीच अधिक सोसवतात. शिवाय काढलेल्या गाठीच्या तपासणीवरून औषधाचा कितपत परिणाम झाला, हेही समजते. दुसऱ्या बाजूस, उपचाराच्या काळात रोग वाढण्याचा किंवा दुष्परिणामांमुळे शस्त्रक्रिया लांबण्याचा धोका असतो. त्यामुळे ही पद्धत प्रत्यक्ष तुलनेवाचून स्वीकारणे शक्य नव्हते.

ती तुलना मॅजिक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, ब्रिटनमधून चालविलेल्या चाचणीत झाली. तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. तीत जठर आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा कर्करोग असलेल्या ५०३ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी केली होती. एका गटावर केवळ शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या गटाला शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर प्रत्येकी तीन फेऱ्या केमोथेरपी देण्यात आली. पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे अंदाजित प्रमाण पहिल्या गटात २३ टक्के, तर दुसऱ्यात ३६ टक्के होते. दुसऱ्या गटातील निम्म्याहून कमी रुग्णच सहाही फेऱ्या पूर्ण करू शकले, हेही त्याच अहवालात नमूद आहे. पुढे जर्मनीत ७१६ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फ्लॉट हा चार औषधांचा संयोग जुन्या संयोगापेक्षा सरस ठरला. मध्यम आयुर्मान ३५ महिन्यांवरून ५० महिन्यांपर्यंत वाढले. युरोपात शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर अशी केमोथेरपी देण्याची पद्धत आता प्रस्थापित झाली आहे. जपान आणि कोरिया या देशांत मात्र आधी शस्त्रक्रिया आणि नंतर केमोथेरपी ही पद्धत दीर्घकाळ प्रचलित राहिली.

वारसा

बिलरोथ यांच्या नावाच्या दोन्ही शस्त्रक्रिया आजही शल्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत शिकविल्या जातात. जठराच्या कर्करोगावर त्यांना विजय मिळाला नव्हता आणि तसा दावाही त्यांनी केला नाही. जठर कापून जोडता येते, हे त्यांनी सिद्ध केले. त्याचबरोबर रुग्ण पुढे किती जगले याचा हिशेब उघडपणे मांडण्याचा पायंडाही त्यांनी पाडला. शस्त्राची मर्यादा त्या हिशेबातूनच स्पष्ट झाली आणि तिच्यापलीकडचा उपाय शोधण्याची दिशा पुढील पिढ्यांना मिळाली.